तिसऱ्या वर्गाचे मानकरी

ओसरीवर अडकित्ता कट् करून वाजला. मामंजींनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. म्हणजे आता निवाडा होणार.

समोर सतरंजीवर हैदराबादहून आलेला अर्ज पडला होता. आमच्या यांना निजाम सरकारचा वजिफा मिळाला होता, म्हणजे शिष्यवृत्ती. फ्रान्सात जाऊन कापडगिरण्यांची विद्या शिकायची. त्याआधी हैदराबादेत फ्रेंच भाषेचा वर्ग. कितव्या वर्गात बसायचं ते ज्याचं त्यानं लिहायचं. पहिला नवशिक्यांचा, वर्षभराचा, बिऱ्हाड सोबत नेता येईल. तिसरा जाणत्यांचा, तीन महिन्यांचा, वसतिगृहात एकट्यानं राहून. शेवटी परीक्षा. पास झाला तर बोट, नापास झाला तर वजिफा रद्द.

पहिला वर्ग म्हणजे माझ्या चतुरेला वर्षभर हैदराबादची शाळा. पाच संपून तिला सहावं लागलं होतं, आणि आमच्या बोरी गावात मुलींना कोण शिकवतंय? तिचे दोन झगे मी कधीच पेटीत घालून ठेवले होते.

यांचं फ्रेंच मी आठ महिने ऐकत होते. रोज सकाळी ओसरीवर येरझाऱ्या, हातात पुस्तक, आवाज असा की वेशीवरच्या माणसाला कळावं, कुणीतरी विलायतेला निघालंय. पाठ मात्र पहिलाच. पुस्तकाची पुढची, कडेला जोडून आलेली पानं अजून कापून मोकळीसुद्धा केलेली नव्हती.

"पहिल्यात कोन कोन हाय?" मामंजींनी विचारलं.

"आपला बन्सीधर हाय." हे असं म्हणाले, की जणू त्या वर्गात पटकी पसरलीय.

बन्सीधर म्हणजे आमच्या कारकुनाचा, लिंबाजीचा मुलगा. त्यालाही वजिफा मिळाला होता. 'मला काहीच येत नाही' असं सरळ लिहून त्यानं पहिला वर्ग घेतला होता.

"लिंबाजीचा? ज्याचा बाप आपली पायरी चढत न्हाई, त्याच्या बाकावर तू बसणार, दिनकरा?"

"म्हणूनच म्हणलं, तिसरा लिहावा."

"तिसराच का?" सासूबाई वाती वळता वळता म्हणाल्या. "चौथा न्हाई का त्यांच्याकडं?"

सुनेनं सासऱ्यासमोर बोलायचं नसतं. नातीला मुभा असते. मी दाराआडून चतुरेला पुढं ढकललं. "जा, बाबांना म्हणाव, पाठ म्हणून दाखवा. आजोबांना ऐकायचाय."

हे सावरून बसले. घसा खाकरला. "ल पेर, बाप. ला मेर, आई. ल फ्रेर, भाऊ..." आणि बहिणीशी येऊन अडकले. आढ्याकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला. बहीण काही सापडेना.

"ला सर, बहीण!" चतुरा म्हणाली, आणि तिथून न थांबता काका, मावशी, मांजर, कुत्रा, सगळा पाठ म्हणून मोकळी झाली. आठ महिने ती पण ऐकतच होती की.

दाराआड मी डोळे मिटले. म्हटलं, झालं काम, आता पहिलाच वर्ग.

मामंजी मांडी थोपटून लय हसले. "वा गं वाघिणी! ऐकलंस का दिनकरा? पाच वर्साच्या पोरीला येतंय, म्हंजी त्यात हाय काय एवढं? असल्याला वरीसभर घालवायचं? लिही तिसरा!"

यांचा चेहरा असा फुलला, जणू पाठ यांनीच म्हटला. अक्षर यांचं मोत्यासारखं. तेवढं एक जमलंय. त्या मोत्यासारख्या उर्दूत यांनी 'तिसरा' लिहिलं, खाली सही केली आणि शाईवर हळुवार फुंकर घातली. इतक्या हळुवारपणे यांनी कधी पोरीच्या खरचटल्या गुडघ्यावर घातली नव्हती.

मी आत येऊन पेटी उघडली. झगे बाहेर काढले, त्यातला कडुलिंबाचा पाला झटकला. तीन महिन्यांनी हे परत येतील. मास्तर नालायक होता म्हणतील, आणि मामंजी मान डोलावतील. बन्सीधर तोवर पाचव्या-सहाव्या पाठाला असेल.

चतुरा पेटीच्या कडेवर हनुवटी टेकून माझ्याकडं बघत होती. तिच्या कपाळावरची बट मी मागं सारली.

"आई," ती म्हणाली, "बाबांना पाठ अर्धाच येतो, तर ते तिसऱ्यात. मला तर सगळा येतो. मग मी कितव्यात?"