कॅनव्हासच्या मधोमध

…पदराला लावलेली पिन, आणि पिनेच्या टोकाशी अडकलेला लाल दोरा. चित्र इतकं मोठं केलं होतं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर तेवढंच मावत होतं. दोऱ्याच्या कडेकडेनं राधिका खोडरबर फिरवत होती. दोऱ्यापलीकडे तिचा स्वतःचा खांदा होता, आणि तो पुसायचा होता.

थोरल्या बहिणीचा, वैजयंतीताईचा, एकटीचा असा फोटो घरात सापडलाच नाही. कुणाच्या तरी लग्नातला हा एक. त्यात उजवीकडे ताई, आणि डावीकडे तिला खेटून, तिच्या कमरेला हात घालून, राधिका. उद्या ताईची तेरवी. रिसोडच्या या बॅनरच्या दुकानात राधिकानं असे कितीतरी श्रद्धांजलीचे बॅनर केले — लोकांचे आजे, लोकांच्या आया — आणि दर वेळी शेजारचं जिवंत माणूस बिनबोभाट कापलं. मेलेल्याच्या जोडीला जिवंताचा फोटो ठेवत नाहीत. तोही मागोमाग जातो म्हणतात. आज कापायचं माणूस आपण आहोत, एवढाच काय तो फरक… एवढाच?

तिचे वडील, चंपत, समोरच्या स्टुलावर बसून होते. मेडशीहून मेथी घेऊन बाजाराला आले होते, ती विकली, आता बॅनर घेऊनच परत जायचं.

"उद्या देवानंदले काहीतरी सांगा लागते, बेटा," ते म्हणाले. "चार लोकं बसतीन, तवा गोठ निंघनच."

देवानंद, ताईचा नवरा. ताई काविळीनं गेली, अंगावर पिणारा हरीओम मागं राहिला, आणि राख सावडून परतताना वाटेतच कुणीतरी बोलून गेलं की पोराला मावशीसारखी दुसरी आई मिळायची नाही. तेव्हापासून सगळे तेच बोलतात, तिच्यादेखत, हळू आवाजात. जणू ती एखादं भांडं, आणि भांड्याला कुठं ऐकू येतं.

"परकी आनली तं पोराचे हाल हायेत," वडील म्हणाले.

"मले हे पुरं करू द्या आंधी, बाबा."

तिनं बॅनरचा रुंद पांढरा कॅनव्हास उघडला, कापलेली ताई त्यावर आणली आणि मध्यभागी नेणारं बटण दाबलं. ताई मध्यभागी गेली नाही. उजवीकडेच उभी राहिली. पुन्हा दाबलं, तरी तिथंच.

"मधात घे न तिले. बाजूले काहून दिसून राह्यली?"

ताई अशीच — अंथरुणात, एसटीच्या बाकावर, राधिकाची नुसती चाहूल लागली तरी सरकून जागा करायची, मग राधिका तिच्या कुशीत डोकं खुपसून सबंध प्रवासभर झोपायची, आणि तिचा एक पाय बाकाबाहेर लोंबकळत असायचा… हे कधी राधिकाच्या ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.

राधिकानं ताईच्या मागं काळा रंग भरला. तेव्हा दिसलं. पांढऱ्यावर न कळलेले फिकट तुकडे: ओढणीची कड, कानातलं, केसांची एक बट. खोडरबर नीट फिरलं नव्हतं. उरलेली राधिका अजून ताईच्या शेजारी होती, आणि कॉम्प्युटर दोघींना मिळून एक धरत होता, दोघींचा मध्य काढत होता.

तुकड्यांभोवती तिनं चौकट ओढली आणि डिलीटवर बोट ठेवलं. एकदा दाबलं की ताई बरोबर मधोमध येईल. मेलेल्याशेजारी जिवंत नको म्हणून इथून आपल्याला काढायचं. आणि उद्या त्याच मेलेलीच्या चुलीपुढं, तिच्या अंथरुणावर, तिच्या नवऱ्याशेजारी आपल्याला ठेवायचं, तेव्हा मागोमाग जाण्याची भीती कुणालाच वाटत नाही. हरीओमचा काय दोष? काहीच नाही. परवा त्यानं तिच्या छातीशी तोंड नेलं होतं, आणि ती दचकून मागं झाली होती.

"हो म्हनू न त्याले?" वडिलांनी विचारलं. त्यांचा आवाज थकलेला होता, त्यात जबरदस्ती नव्हती.

आता रडू फुटेल असं तिला वाटलं. फुटलं नाही. आला तो राग, आणि तोही बाबांचा नाही, देवानंदचा नाही. बोट तसंच डिलीटवर ठेवून ती काळ्यावर हसणाऱ्या ताईकडं बघत राहिली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला, याही वेळी सरकून जागा करून गेलेल्या ताईचा राग आला, जिवंत माणसाचा यावा तसा.