गोरेटीचा सूर

मित्रांनो, मी एक जुनी कॉन्सर्टिना आहे. तुमच्या हार्मोनियमची लांबची बहीण समजा, पण इतकी लहान की दोन तळव्यांत मावते. मला सहा बाजू, दोन्हीकडे हाडाची बटणे आणि मध्ये चामड्याचा भाता. भाता दाबला की एक सूर निघतो, ओढला की दुसरा. जन्म लंडनच्या कारखान्यात झाला, पण सारे आयुष्य गेले आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअरमध्ये.

इथे समुद्राची ओल भिंतीतही शिरते. माझ्या पोटातल्या पोलादी पत्त्यांच्या थरथरण्यातून सूर निघतो, आणि ओलीने त्यांना गंज चढतो. म्हणून घरातल्या बायका मला चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवत. अशाच एका कोनाड्यातून मी डिम्प्नाकडे आले. तिच्या आत्याने मला तिच्या लग्नात दिले.

डिम्प्ना घराबाहेर कधी वाजवत नसे. संध्याकाळी भांडी आवरली की मला मांडीवर घ्यायची. तिचा नवरा कोलमन समोर बसून बुटाने फरशीवर ताल धरायचा. त्याला कौतुकाचे चार शब्द बोलता येत नसत. त्याचा बूटच बोलायचा. माझ्या आयुष्यातले तेवढे एकच कौतुक, पण रोजचे.

कोलमन गेला आणि फरशी गप्प झाली. डिम्प्नाने मला माझ्या सहा कोनी डब्यात घालून जिन्याखालच्या कपाटात ठेवले. तिथे चूल नव्हती. भात्यावर बुरशी आली, आणि एका हिवाळ्यात माझी एक पत्ती जाम झाली. एक सूर मुका झाला.

पुढे उत्तरेकडच्या एका गावात छोटे संग्रहालय निघाले, आणि डिम्प्नाने मला तिथे देऊन टाकायचे ठरवले. काचेमागे मला कोणी हात लावणार नव्हते. न वाजलेल्या पत्त्या एकेक करून मुक्या होतात, मित्रांनो. हे मला ठाऊक होते, आणि तिलाही.

तिला न्यायला तिची शाळेपासूनची मैत्रीण गोरेटी तांबडी गाडी घेऊन आली.

"तासाभराचा तर रस्ता," डिम्प्ना म्हणाली.

"मग दोन दिवस लावू. कोलमन गेल्यापासून तू बाजाराच्या पलीकडे गेली नाहीस. बस गाडीत, तोंड पाडू नकोस."

मी मागच्या सीटवर होते. रस्ता इतका अरुंद की दोन्ही बाजूंच्या काटेरी झुडपांचे ओरखडे ऐकू येत. समोरून गाडी आली की गोरेटी स्टिअरिंगवरून एक बोट उचलायची, हा आमच्याकडचा रामराम. समोरचाही उचलायचा. कोणी उचलले नाही की म्हणायची, "पाहुणे दिसतात. बोटं घरी विसरून आले."

आणि ती गुणगुणायची. सूर एकीकडे, गोरेटी दुसरीकडे. शाळेत समूहगीताच्या वेळी ननबाईंनी तिला सांगितले होते, "तू नुसते ओठ हलव." तेव्हापासून ती चारचौघांत कधी गायली नव्हती. वाटेत समुद्रावरच्या मोहेरच्या उंच कड्यावर थांबलो, तर वाऱ्याने तिची टोपी उडवली आणि थेट समुद्रात नेली.

"गेली अमेरिकेला!" गोरेटी म्हणाली.

"माझ्या लेकीला कळवते, बॉस्टनला झेलायला उभी राहा म्हणून," डिम्प्ना म्हणाली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना ऐकले.

पुढे एका पवित्र विहिरीपाशी थांबलो. तिथल्या झाडाला लोक आपल्या दुःखाची चिंधी बांधतात. डिम्प्नाने कोलमनच्या रुमालाची पट्टी बांधली. गोरेटी गाडीपाशीच थांबली. त्या वेळी मात्र गुणगुणली नाही.

दुपारी पाऊस लागला, म्हणून दोघी फेलिम नावाच्या माणसाच्या पबमध्ये शिरल्या. डिम्प्नाने मलाही उचलले. "गाडीत गारठेल ती," म्हणाली. काचेमागे सोडायच्या वस्तूच्या गारठ्याची काळजी कशाला? मी हे मनात नोंदवून ठेवले.

आत पीटची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, शेकोटी होती. व्हायोलिनवाले दमून बाजूला बसले होते आणि गाणी चालली होती. आमच्याकडे रीत अशी: जो गातो, त्याला पुढच्याचे नाव पुकारायचा मान. ज्याचे नाव पुकारले, त्याने नाही म्हणायचे नाही. एका मेंढपाळाचे गाणे संपले. तो कोणाला पुकारणार, इतक्यात गोरेटी उभी राहिली.

"मला पुकार रे बाबा."

"अगं, वेड लागलं का?" डिम्प्नाने तिचा कोट ओढला.

गोरेटी गायली. कशी गायली ते विचारू नका. शेकोटीजवळचा कुत्रा उठून बाहेर गेला. तिचे कान लाल झाले, पण तिने एकही कडवे सोडले नाही. मग घाम पुसून म्हणाली, "आता मान माझा. डिम्प्ना!"

"मी नाही वाजवत आता. तुला माहीत आहे."

"मी गायले गं! कुत्रासुद्धा उठून गेला. आणि तू नाही म्हणतेस?"

फेलिम ग्लास पुसत म्हणाला, "बाई, त्या कुत्र्यासाठी तरी वाजवा. परत येईल बिचारा."

डिम्प्नाने डबा उघडला. माझ्या भात्यात किती दिवसांनी हवा शिरली! तिने कोलमनची आवडती संथ धून धरली. दुसऱ्याच ओळीत तो मुका सूर आला. तिने बटण दाबले, नुसती हवा सुटली. तिची बोटे थांबली. ती मला मिटू लागली.

"हं," गोरेटीने त्या जागी सूर भरला. किंचित चुकलेला.

सगळे हसले. डिम्प्नाही हसली आणि पुढे वाजवत राहिली. दर वेळी ती जागा आली की गोरेटी "हं" करायची. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यातल्या कोणाच्या तरी बुटाने फरशीवर ताल धरला. डिम्प्नाने डोळे मिटले, पण भाता थांबू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी संग्रहालयात काचेमागे माझा रिकामा डबा गेला. मी गोरेटीच्या शालीत गुंडाळून घरी परतले, चुलीशेजारच्या कोनाड्यात. पुढे एका कारागिराने माझ्या पत्त्यांचा गंज काढला. मुक्या पत्तीला हात लावणार, तोच डिम्प्ना म्हणाली, "ती राहू द्या. ती गोरेटीची आहे."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादे वाद्य कापडात गुंडाळलेले असेल. त्याला ओलीपासून जपा, पण हातांपासून जपू नका. आणि त्याचा एखादा सूर निघेनासा झाला, तर ते मिटून ठेवण्याआधी शेजारी कोण बसले आहे तेवढे पाहा.