आईकडची प्रत

"रडत न्हाई, दूध वढत न्हाई. बरं लक्षण न्हाई हे, फरजाना. मोठ्या डाक्टरला दाव," शेजारच्या साखराबाई म्हणाल्या होत्या. खुशनुमा तेव्हा दहा दिवसांची.

"गरीब हाय माझी लेक. तुमच्या नातवावानी गल्ली डोक्यावर घेत न्हाई," फरजाना हसली होती. बीएस्सी झालेली ती. म्हातारीच्या शंकेनं कुठं घाबरायचं?

आता खुशनुमा पाच वर्षांची. बाप कलीम परळीत फळांचा गाडा लावतो, अन् घरात केळंसुद्धा कुलपात. पोट भरलं हे तिला कळतच नाही. एकदा तर कच्चं पीठ फाकताना सापडली.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट उलगडून सांगितला होता. "वडिलांकडून आलेल्या गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालाय."

"पण माझ्याकडून आलेला शाबूत आहे ना? त्यावर नाही भागायचं?"

"त्या जागी आईकडची प्रत मुकीच असते. सगळ्यांचीच. तिथं काम बापाकडची करते. यात चूक कुणाचीच नाही."

"औषध?"

"वाढीसाठी इंजेक्शनं आहेत. भुकेवर सध्या कुलूपच."

कलीमला तिनं एवढंच सांगितलं, की दोष जन्माचा आहे. कुणाकडचा, ते गिळलं. तो आधीच लेकीसमोर फळ कापेनासा झाला होता. सासरचे म्हणाले, आईचंच काहीतरी असंल. तिनं ते तसंच राहू दिलं.

परवा दुपारी नमाज आटोपून ती उठली, तर खुशनुमा घरात नव्हती. साखराबाईंच्या चुलीपाशी बसून ती चौथी भाकरी खात होती. पोट तटतटलेलं.

"मावशी, कवापासून चाललंय हे?"

"तू कुलूप घातलंस तवापासून. लेकराला उपाशी ठिवतीस व्हय गं? पाप लागंल."

"मावशी, खाऊन खाऊन मरंल ती."

"भाकरीनं कुणी मरतंय का? तवा तू माझं ऐकलं न्हाईस. आता म्या तुझं ऐकू?"

फरजानानं लेकीच्या मुठीतला तुकडा एकेक बोट उकलून काढला. खुशनुमा आता मात्र रडली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. दारादारांतून बायका बघत राहिल्या. फरजानाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात किल्ली होती. ती तिनं ओढणीखाली सारली.

तुमच्याकडे तिचं एकच मागणं आहे. बाजारच्या दिवशी ती लेकीला नजरेसमोर ठेवायला कलीमच्या गाड्यावर नेते. तिथून गेलात, तर स्टुलावर गोल चेहऱ्याची पोर दिसेल. हात पुढं करील. काही देऊ नका. फक्त तिच्याजवळ कुणी आहे ना, तेवढं बघा.