शुक्रवारची सुटी

"नऊ वाजेपर्यंत तोंड बंद ठेवजो, पोरी. अन् मंग जे बोलशील, ते पाळजो."

माझ्या सासूबाई, गीताबाई, देवघरासमोर बसून हे सांगून गेल्या, त्याला अकरा वर्षं झाली. रोज उठल्यापासून नऊपर्यंत माझं मौन असतं. लोणारच्या घरूनच मी पुण्याच्या एका कंपनीतली सात जणांची सॉफ्टवेअर टीम सांभाळते. आमची रोजची मीटिंग साडेनऊला, म्हणून कधी अडलं नाही.

बुधवारी चंद्रशेखर सरांनी ती अचानक आठला घेतली. परदेशातल्या क्लायंटला तीच वेळ सोयीची. मी चॅटमध्ये लिहिलं, 'नऊपर्यंत मौन आहे, ऐकते आहे.'

दोन आठवड्यांचं काम आधी ठरवायचं आणि मध्येच काही घुसडायचं नाही, हा टीमचा नियम. नियम सगळ्यांना पाठ. सर म्हणाले, "रिपोर्टचं एक छोटं काम शुक्रवारपर्यंत हवंय. समता करेल. रेणुका, काही हरकत?"

मी भराभर टाइप करत होते, 'हरकत आहे, समता शुक्रवारी सुटीवर आहे.' एंटर दाबेपर्यंत सर म्हणालेही, "चला, कुणाची हरकत नाही. कमिट करतो." माझी ओळ पाठवायची राहूनच गेली.

नऊ वाजून एक मिनिटाने वडनेर भोलजीच्या घरून समताचा फोन.

"ताई, तुम्ही काऊन गप राह्यल्या? शुक्रवारी आईचं डोयाचं ऑपरेशन हाये. तुम्हीच म्हणाल्या, त्या दिवशी कोणी फोनही करणार नाही. दोनदा तारीख हुकली माह्यापायी. आता आई म्हणते, तुह्या कंपनीपेक्षा मोतीबिंदू बरा, तो तरी थांबते."

मी सरांना फोन लावला. म्हणाले, "मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं, रेणुका. आता मी क्लायंटला शब्द दिलाय."

"मीही दिलाय, सर."

इतकं हळू बोलले, की त्यांना ऐकूच गेलं नसावं.

"उद्या आठला क्लायंट परत असतील. काय ते त्यांच्यासमोर सांगा. नाहीतर तिला म्हणावं, दवाखान्यात लॅपटॉप घेऊन बस. वायफाय असतंच."

फोन ठेवला आणि निवडून झालेले तांदूळ पुन्हा निवडत बसले. काम दुसऱ्या कुणाला देता येईल का, म्हणून टीममधल्या देवानंदला विचारलं.

"ताई, तो रिपोर्ट तिच्याबिगर कोणाले समजत नाही. आपण दोन आठवड्यांचा शिधा मोजून काढतो, अन् सर रोज पंगतीले नवे पाव्हणे आणते. त्याहिले कोणी सांगावं?"

कोणी म्हणजे मीच. दिवसभर सरांचा राग येत राहिला. संध्याकाळी दिवा लावताना तो माझ्याकडेच वळला. सासूबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मी सोपी तेवढी अकरा वर्षं मिरवली. पहाटे गप्प बसायला काय लागतं? मी तशीही गप्पच असते.

समताला लिहिलं, 'आईला घेऊन जा. बाकी माझ्याकडे.' तिचं एवढंच उत्तर आलं, 'नक्की ना ताई?'

गुरुवारी आठला पाच कमी असताना पोथी अर्ध्यावर मिटली. देवापुढे पदर पसरला. एवढं एक पोटात घाला म्हटलं, शब्द न काढता. मग लॅपटॉपसमोर जाऊन बसले. क्लायंटचे दोघे आलेले होते.

"रेणुका मौनात असतील," सर हसून त्यांना समजावू लागले, "तर आपण पुढे—"

मी माइक चालू केला.