लाल मोजे

"ताई, बूट काढ की गं! पाय मोकळे कर जरा," हुइछिन पायरीवर फतकल मारत म्हणाली आणि तिनं स्वतःचे घामेजलेले मोजे दगडी कठड्यावर वाळत टाकले.

"मी नाही दमले. बसा तुम्ही," युझेन म्हणाली. तिची टाच नुसती पेटली होती. फोड फुटला असावा. पण बूट काढायची सोय नव्हती, आत लाल मोजे होते.

यंदाचं वर्ष ड्रॅगनचं. बैल, वाघ, ससा, ड्रॅगन अशा ओळीनं बारा प्राण्यांची बारा वर्षं फिरतात. आपल्या जन्माचा प्राणी फिरून आला की ते वर्ष जड जातं, म्हणून वर्षभर अंगावर काहीतरी लाल घालायचं. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आणि युझेन तर बैलाच्या वर्षातली! हुइछिन वाघाची, सूफांग सशाची. सूतगिरणीत तिघींनी एकमेकींना बहिणी मानलं, तेव्हापासून युझेन त्यांची ताई. मोजे घरी ठेवावेत, तर ह्वांगशानसारखा उभा डोंगर आणि खाली दरी. तेवढा धीर तिला झाला नव्हता.

नवरा नाही, मूल नाही. या दोघींनी ताई म्हणायचं सोडलं, तर जगात तिला हाक मारणारं होतं कोण?

"चला, माथ्यावरचे ढग पळून जातील," म्हणत तिनं दोघींच्याही पिशव्या खांद्याला लावल्या. दोन पायऱ्या चढली आणि कळवळून खालीच बसली.

"रक्त आलंय बुटातून!" सूफांग ओरडली. "ओढ गं, हुइछिन!"

"नको! अगं, सोड म्हणते ना!"

पण हुइछिननं जन्मभर सुताचे गठ्ठे ओढलेले. बूट हातात आला. शाळेची एक सहल कलकलाट करत बाजूनं गेली, तोवर तिघी त्या लालभडक मोज्याकडे बघत राहिल्या.

"बया! तू कधीपासून ड्रॅगन झालीस?" हुइछिन म्हणाली.

युझेननं मान खाली घातली. "युझेन माझी थोरली बहीण. गिरणीत तिला नोकरी लागली आणि रुजू व्हायच्या आधीच तापानं गेली. माझं वय बसत नव्हतं. आई म्हणाली, तिचे कागद घे आणि जा. मी आले."

"म्हणजे तू माझ्याहून लहान?" सूफांगचा आवाज चढला. "इतकी वर्षं धाकटी म्हणून सगळ्यांचा चहा मी ओतला! आणि ही महामाया माझ्याहून धाकटी!"

"आणि आपल्या वाटच्या मुकादमाच्या शिव्या कोणी खाल्ल्या?" हुइछिन म्हणाली. "तुझ्या बाळंतपणात दोन्ही पाळ्या कोणी केल्या?"

सूफांगनं वाकून दोन्ही पिशव्या उचलल्या. एक हुइछिनच्या अंगावर फेकली, दुसरी स्वतः घेतली.

"नाव काय तुझं? खरं?"

"श्यावमान." तिचं तिलाच ते परकं वाटलं.

माथ्यावर ढगांचा समुद्र पसरला होता. गर्दी तर जत्रेसारखी. रंगीत ओढण्या वाऱ्यावर सोडून बायका फोटो काढत होत्या. दोघींच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत आलेली श्यावमान कड्यापासून लांब एका दगडावर टेकली.

"श्यावमान! अगं ए श्यावमान! पुढे बस, धाकटी पुढे बसते!"

तिसऱ्या हाकेला तिच्या लक्षात आलं, की ही हाक आपल्यालाच आहे. मग तिला इतकं हसू आलं, की फोटो हललेलाच आला.

"दुसरा काढू, ऊठ," हुइछिन म्हणाली.

"मी नाही उठत जा. पाय दुखतायत माझे."

असं बोलणं तिच्या तोंडून दोघींनी कधी ऐकलं नव्हतं.

"बघा, लगेच लाडावली!" सूफांगनं अंडी आणि काकड्या बाहेर काढल्या. श्यावमाननं मुकाट्यानं थर्मास ओढून घेतला. आता चहा ओतायचं काम तिचं होतं.

सूफांगनं तिच्या हातावर चापट मारली. "ठेव खाली."

तिनं स्वतः पहिला पेला भरला, दोन्ही हातांत धरला आणि हळूच दगडावर ओतला. वाफ वर आली.

"हा युझेनला, थोरल्या ताईला," ती म्हणाली.

मग दुसरा पेला भरून तिनं लाल मोज्यांच्या बाईपुढे धरला.

"आणि हा तुला, ताई. गरम आहे, जपून."