पाढ्याचा उपयोग काय?

आधीच सांगून ठेवतो, मी मास्तर म्हणून वाईट नव्हतो. किन्हीराजा गावाच्या वाटेवरच्या आमच्या शाळेत बावीस लेकरं, अन् एकही पाढ्यात अडत नव्हतं. छडीले कोणी भेलंच नाही तर शिक्षण कायचं?

शाळा तपासाले येणाऱ्या डिप्टी साहेबाच्या परीक्षेले महिना राह्यला होता. हिरीबाईची तुळसा, नऊ वर्साची, वर्गातली एकटीच पोट्टी. तिले मी शाळेमागच्या विहिरीवर पाणी आणाले धाडलं. बाकीचे तेराचा पाढा म्हणत होते. तेरा सत्तेवर युसूफ थांबला.

"गुरुजी, विहिरीतून कोनी हाका मारून राह्यलं."

मलेही आयकू आलं होतं. वाटलं, पाणी भरणाऱ्या बायांचं भांडण असन, अन् पोट्ट्यांले पाढा टाळाले निमित्तच पाह्यजे. "गप बस. मोठ्यानं म्हणा," मी म्हणलो. त्यांनी मोठ्यानं म्हणलं.

तुळसाच्या पंचनाम्यात मी सांगतलं, पाढे चालू होते, कोणालेच काही आयकू आलं नाही. हिरीबाईनं ते खरं मानलं. लेकरू पडल्याबरोबरच गेलं, त्याले तरास झाला नाही, एवढ्याच आधारावर ती बाई जेवत होती. खरं बाहेर आलं असतं तर माही नोकरी गेली असती अन् तिचा आधारही. असं मी मनाले समजवायचो. खरं म्हणजे मी भेत होतो.

मंग शाळेत भलतंच सुरू झालं. पाढा तेरा सत्तेवर आला की वर्ग गप. एकवीस तोंडं विहिरीकडं. मी हात सुजेस्तोर छडी मारली. कोणी रडलं नाही, कोणी पुढंही गेलं नाही. चार दिवसांनी बाराचा पाढाही बारा सत्तेवर थांबला. मंग अकराचा. त्या शांततेत मीही कान देऊन बसायचो.

म्हणून मी पाढे म्हणणं बंदच केलं. रोज पाटीवर सवाल द्याचा. चार बैल तीन दिवसांत अठ्ठेचाळीस पेंढ्या कडबा खातात, तर सहा बैलांले एका दिवसाले किती? उत्तर लिहिलं की पाटी पालथी, शेजाऱ्याले दिसली नाही पाह्यजे. कोण कुठं चुकलं ते मी टिपून घ्याचो, अन् दुसऱ्या दिवशी तोच सवाल ज्वारीवर नाहीतर कापसावर घालून विचारायचो. कोणाले पाठ आहे अन् कोणाले समजलं, हे मले इतक्या वर्सांत पयल्यांदा कळू लागलं.

डिप्टी साहेब आले. परीक्षा पाहाले गाव दारात जमलं होतं, त्यात हिरीबाईही होती. साहेब खूश झाले. "मास्तर, ही पद्धत कुठं शिकलात?"

"माह्याच डोक्यातून निघाली, साहेब." असा मी निर्लज्ज.

"मग एक प्रश्न माझा," साहेब म्हणाले. "मुलांनो, पाढ्याचा उपयोग काय? पुस्तकातलं नको. आपल्या गावातलं उदाहरण लिहा."

कोणी डोकं खाजवलं नाही, कोणी इकडंतिकडं पाह्यलं नाही. एकवीस पेन्सिली एकदमच चालल्या अन् एकदमच थांबल्या. पाट्या पालथ्या झाल्या.

साहेबांनी पयली पाटी वाचली, चष्मा पुसला. दुसरी वाचली. मंग भराभर सगळ्या उलटवल्या. इंद्रभानले अजून जोडाक्षर येत नव्हतं, त्याच्याही पाटीवर तेच, सुबक.

"सगळ्यांचं एकच उत्तर कसं?" म्हणत त्यांनी मोठ्यानं वाचलं. "पाढा मोठ्यानं म्हटला की विहिरीतली हाक ऐकू येत नाही."

हिरीबाई आत आली. मले वाटलं, आता छाती पिटन, शिव्या देईन. ती माह्यासमोर उभी राह्यली, हळूच बोलली.

"गुरुजी, माही तुळसा हाका मारत होती?"

"हो, बाई."

"किती येळ?"

पोट्टे माह्याकडं पाहून राह्यले होते. उत्तर त्यांले येत होतं. मलेही येत होतं.

"पंधराचा पाढा संपेस्तोर," मी म्हणलो.