नऊ किलोंची काळजी

आमच्या ह्यांनी पुलांची पाहणी करायला ड्रोन घेतला एका दिवसात, आणि त्याची पेटी निवडायला लावले पाच आठवडे. एकीत म्हणे पाणी शिरेल, दुसरीच्या कड्या तकलादू. शेवटी आली ती नऊ किलोंची. ड्रोन जेमतेम पाऊण किलोचा!

मग आतला फोम कापायचं खूळ सुरू झालं. जेवणाच्या टेबलावर ड्रोन, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. पात्यांना वेगळा खण, बॅटऱ्यांना वेगळा, चार्जरला वेगळा. "तू तान्हा असताना मी तुलासुद्धा इतकं जपलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या.

पहिल्या मोठ्या कामाच्या सकाळी ह्यांनी ड्रोन बाहेर काढून पेटीतला फोमचा भुसा झटकला, पेटी बंद केली, कड्यांचा खटकन आवाज डोळे मिटून ऐकला, उघडून लावून पुन्हा ऐकला, आणि पेटी उचलून खुशीत निघाले.

दोन तासांनी पुलावरून फोन आला. आवाज पडलेला.

"अगं, टेबलावर बघ जरा."

बघितलं. ड्रोन मिठाच्या डबीशेजारी आरामात बसला होता.

"आहे इथेच. साधा ओरखडाही नाही," मी म्हटलं. "पण अहो, पेटी उचलताना हलकी नाही लागली?"

"नऊ किलोंत काय कळणार?" मग आवाज एकदम खुलला. "पण इथल्या साहेबांनी पेटी उघडून पाहिली बरं का. म्हणाले, नुसत्या खाचेवरून ड्रोन ओळखू येतो!"